पातेल्याच्या टोपीतला नर्सरीवाला

भाच्यानं अमेरिकेतनं आणलेली टोपी मी रोज नर्सरीत घालते. उन्हाला बरी पडते. टोपीवर दात-ओठ खाणारं एक सफरचंद आहे आणि त्या सफरचंदाच्या डोक्यावर पातेलं. प्रत्येक दुसरं गिऱ्हाईक विचारतं, "ताई, ही कुठल्या खताच्या कंपनीची हो?" सुरुवातीला मी नुसती हसायचे. मग मलाच राहवेना. एका रविवारी फोनवर भाच्याला विचारलं.

"आत्ती, आमच्या गावच्या बेसबॉल टीमची टोपी हाय ती. टिनकॅप्स. हितं पूर्वी एक जण डोक्यावर पातेलं घालून झाडं लावत फिरायचा, त्याच्यावरनं नाव ठेवलंय."

"कोण महाराज व्हता?"

"न्हाई गं. नर्सरीवालाच. तुझ्यागत."

तुझ्यागत म्हटल्यावर विषय सोडवेना. कळंब्याकडं जाणाऱ्या रस्त्याला आमची अर्ध्या एकराची नर्सरी आहे, आबांनी सुरू केलेली. पावसाळ्यात पाणी प्यायला सवड नसते, पण दिवाळी झाली की धंदा एकदम थंड. त्या थंड दिवसांत शेडनेटखाली स्टूल टाकून, मोबाईलवर ह्या माणसाबद्दल मिळेल ते वाचत बसले. पिशव्या भरायला येणाऱ्या मावशी म्हणायला लागल्या, "परीक्षा हाय का कसली?"

नाव जॉन चॅपमन. लोक म्हणायचे जॉनी ॲपलसीड, म्हणजे सफरचंदाच्या बियांचा जॉनी. जन्म २६ सप्टेंबर १७७४, मॅसॅच्युसेट्स राज्यातलं लेमिन्स्टर गाव. आपल्या शाहू महाराजांचा जन्म २६ जून १८७४चा. शंभर वर्षांना तीन महिने कमी, तारीख तीच. ह्यातनं काही निघत नाही, पण कोल्हापूरकराच्या डोळ्याला हे दिसल्याशिवाय राहतंय होय! वडील अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात लढलेले. पोरगं दोन वर्षांचंही नव्हतं तेव्हा आई गेली. वडलांनी दुसरं लग्न केलं, त्या घरात पुढं आणखी दहा पोरं झाली. जॉन विशीत बाहेर पडला आणि पश्चिमेकडं चालायला लागला. पेनसिल्व्हेनिया, मग ओहायो, मग इंडियाना. चाळीस-पन्नास वर्षं हेच. लग्न केलं नाही. स्वर्गात आपल्याला दोन बायका मिळणार आहेत असं तो सांगायचा म्हणे. हे वाचून दाखवल्यावर मावशी इतक्या हसल्या की हातातली पिशवी सांडली.

तिकडच्या पोरांच्या चित्रात असतो तो जॉनी असा: पाय अनवाणी, अंगात कॉफीच्या गोणपाटाला भोकं पाडून केलेला सदरा, डोक्यावर पातेलं, रात्री त्याच पातेल्यात मक्याच्या पिठाची पेज. खांद्याला बियांची पिशवी. मूठ भरायची, उधळायची, पुढं चालायचं. शेकोटीत डास जळतात म्हणून त्यानं शेकोटी विझवली. पोकळ ओंडक्यात झोपायला गेला तर आत अस्वलीण पिलांसकट, म्हणून हा बर्फात झोपला. असल्या गोष्टी ढिगानं आहेत. बऱ्याचशा तो गेल्यावर फुगल्या. १८७१ साली हार्पर्स मासिकात त्याच्यावर मोठा लेख आला आणि तिथनं तो देशभर झाला. मेल्यावर सव्वीस वर्षांनी.

मला पहिल्यांदा आठवले ते गाडगेबाबा. कुणालाही तेच आठवतील. डोक्यावर फुटकं गाडगं, अंगावर चिंध्या, हातात खराटा. आजी सांगायची, त्यांचं कीर्तन असलं की आधी बाबा स्वतः गाव झाडून काढायचे आणि रात्री त्याच गावाला सुनवायचे. जॉनीचंही थोडं तसंच. स्वीडनबोर्ग नावाच्या स्वीडिश विद्वानाच्या धर्मपंथाचा तो प्रचारक. कुणाच्या झोपडीत मुक्कामाला थांबला की जमिनीवर पसरायचा आणि विचारायचा, स्वर्गातनं आलेली ताजी खबर ऐकणार का? पुस्तकं महाग आणि मिळायला अवघड, म्हणून एका पुस्तकाचे भाग फाडून वेगवेगळ्या घरी द्यायचा. पुढच्या फेरीत ह्या घरचा भाग त्या घरी. आमच्या गल्लीतही एकच पोथी चार घरांत फिरायची, पण ती फाडायची हिंमत कुणाची नव्हती. आणि दुसऱ्याच घरात सुरुवात मिळाली आणि शेवट मिळाला नाही, तर त्या बाईनं काय करायचं?

इथंवर ठीक. पण मूठ भरायची, उधळायची, पुढं चालायचं, ह्यावर नर्सरीवाली म्हणून माझा विश्वास बसेना. कारण उधळणं मी स्वतः करून बघितलंय.

काही वर्षांपूर्वी बीजगोळ्यांची टूम निघाली. माती, शेणखत, आत बी, गोळा वळायचा, वाळवायचा, डोंगरावर फेकायचा. काही उत्साही पोरं आली. मी त्यांना बी दिलं, मावशींनी आणि मी गोळेही वळले. चिंच, करंज, बहावा. जोतिबाच्या बाजूच्या एका टेकाडावर आम्ही पाऊस लागायच्या आधी हजारभर गोळे फेकले. गाणी म्हटली, मिसळ खाल्ली, घरी आलो. पुढच्या मे महिन्यात मी एकटी जाऊन बघितलं. करंजाची दोन वाळकी काटकं दिसली, शेंडा शेळीनं खाल्लेला. बाकी सगळं टेकाड फेब्रुवारीतल्या वणव्यानं काळं. चूक माझीच जास्त. बहाव्याचं बी नुसतं मातीत टाकलं तर वर्ष वर्ष दगडासारखं पडून राहतं, आधी गरम पाण्यात भिजवावं लागतं, हे नर्सरीत मी गिऱ्हाइकाला दहा वेळा सांगते. त्या दिवशी सांगायलाच नव्हे तर करायलाही विसरले, कारण मजा चालली होती.

म्हणून जॉनीबद्दल शोधताना मला एकच गोष्ट हवी होती: ह्याची झाडं जगली कशी?

तर जॉनी उधळत नव्हता. ओढ्याकाठची चांगली जमीन हेरायचा. झाडोरा तोडून जागा साफ करायचा. ओळीनं बी लावायचा. आणि मग लाकडं-फांद्या रचून भोवतीनं कुंपण घालायचा, जनावरं आत येऊ नयेत म्हणून. जवळपास कुणी राहत असेल तर त्याच्यावर सोपवायचा: रोपं विक, हिशेब ठेव. मग पुढच्या ओढ्याला. वर्षा-दोन वर्षांनी परत यायचा, कुंपण दुरुस्त करायचा, रोपं बघायचा. त्यानं बागा लावल्याच नाहीत म्हटलं तरी चालेल. त्यानं नर्सऱ्या लावल्या. रोप पाच-सहा सेंटला. पैसे नसतील तर जुने कपडे द्या, मक्याचं पीठ द्या, तेही नसेल तर चिठ्ठी लिहून द्या. त्या चिठ्ठ्यांची वसुली तो फारशी करत नसे म्हणतात. आबांची उधारीची वही अजून माझ्या कपाटात आहे, त्यामुळं हे मला लगेच पटलं.

आणि रोपं विकत कोण घ्यायचं? इथं त्याची हुशारी. ओहायोकडं नवीन वसाहती होत होत्या. तिथल्या एका जमीन कंपनीची अट होती की जमीन पाहिजे असेल तर तीन वर्षांत सफरचंदाची ५० आणि पीचची २० झाडं लावलेली दिसली पाहिजेत. झाड लावलंय म्हणजे माणूस टिकणार, असा हिशेब. आता घनदाट जंगलात नव्यानं आलेला माणूस ५० रोपं आणणार कुठनं? तर जॉनी तिथं दोन-तीन वर्षं आधीच जाऊन रोपं तयार करून बसलेला. रिंगरोड कुठनं जाणार हे आधी ओळखून प्लॉट धरणारे आपल्याकडंही आहेत. फक्त ते अनवाणी फिरत नाहीत.

बी त्याला फुकट मिळायचं. पेनसिल्व्हेनियात सफरचंदाचा रस काढायच्या घाण्या होत्या. आपली गुऱ्हाळं जशी. गुऱ्हाळात चिपाड उरतं, तिथं सफरचंदाचा चोथा उरायचा, त्यात बिया. तो चोथा धुऊन, बिया वाळवून, पोती भरून हा निघायचा. १८०६ साली दोन होड्या एकमेकींना बांधून, त्यात बिया भरून, ओहायो नदीतनं जाताना लोकांनी त्याला बघितलं.

हे वाचलं आणि मला एकदम मे महिन्यातला वास आला. आंबलेल्या कोयींचा. आबा आंब्याच्या दिवसांत सायकलला दोन पोती बांधून खानावळी आणि रसाची दुकानं फिरायचे. रायवळाच्या कोयी गोळा करायला. फुकट. खानावळवाल्यांना बरंच, त्यांचा कचरा गेला. घरी आल्यावर पोती मागच्या अंगणात ओतायची, माश्या घोंगावायच्या, आई तोंडाला पदर लावून ओरडायची. आम्ही पोरांनी कोयी राखेत चोळून वाळत घालायच्या. पाऊस लागला की त्या गादीवाफ्यावर पालथ्या लावायच्या. दोन-तीन आठवड्यांत तांबूस, लुसलुशीत पानांचे कोंब वर. मग आबा बसायचे कलम बांधायला.

चाकू ते दगडावर लावायचे आणि शेवटचा हात जुन्या कोल्हापुरी चपलेच्या तळव्यावर फिरवायचे. कोंबाचा शेंडा उडवायचा, मधोमध उभी चीर द्यायची. हापूसची काडी दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखी करायची आणि चिरेत बसवायची. साल सालीला लागली पाहिजे. वर प्लास्टिकची पट्टी घट्ट गुंडाळायची. हे सगळं माझं वाक्य संपायच्या आत. खाली रायवळाचं मूळ, वर हापूस. कोय कलम. आमचं घर ह्याच्यावर चाललं, आमची शिक्षणं ह्याच्यावर झाली.

आणि जॉनीला कलम मान्य नव्हतं! झाडाला असं कापणं पाप आहे, फळ सुधारायचं तर ते देवानं सुधारावं, माणसानं चांगलं बी चांगल्या जमिनीत लावावं, असं त्याचं मत असल्याचं सांगतात. म्हणजे त्याच्या हिशेबानं आमच्या तीन पिढ्या पापी. मी हे वाचलं त्या दिवशी टोपी काढून ठेवली होती. मग ऊन लागलं म्हणून परत घातली.

पण कलम न करण्याचा परिणाम काय, ते जाणत्याच्या लगेच लक्षात येईल. सफरचंदाच्या बीला आईचा गुण लागेलच असं नसतं. फुलाला पराग दुसऱ्याच झाडाचा लागतो. एका फळातल्या पाच बिया लावल्या तर पाच तऱ्हेची पाच झाडं. त्यातली बहुतेक आंबट, तुरट, तोंड वाकडं करणारी. जॉनीची सफरचंदं बरीचशी असलीच. खायची नव्हतीच ती. त्यांचा रस काढून आंबवायचे, त्याला हार्ड सायडर म्हणतात, आणि नव्या वसाहतींत घरोघरी तो पीत. थंडीत सायडर बाहेर ठेवायचा, वरचा बर्फ काढून टाकायचा, खाली उरतो तो आणखी कडक माल. पोरांच्या चित्रातला तो भोळा जॉनी म्हणजे एका परीनं गावोगाव दारूची सोय करत चालला होता. ही गोष्ट शाळेच्या चित्रात कशी येईल!

बीचं दुसरं अंगही आहे, आणि ते मला आता वयोमानानं जास्त पटायला लागलंय. कलम म्हणजे त्याच झाडाची नक्कल, जे आहे तेच. नवीन काही यायचं असेल तर ते बीतनंच येणार. हजारात एखादं. आमच्याकडं हल्ली लोक 'गरम हवेतलं सफरचंद' मागायला येतात, एचआरएमएन-९९. ते हिमाचलच्या बिलासपूर जिल्ह्यातल्या हरिमन शर्मा ह्या शेतकऱ्याचं. खाऊन घरामागं टाकलेल्या बियांतनं एक रोप आलं, त्या उष्ण भागातही त्याला फळ धरलं, मग त्यांनी त्याची कलमं केली. बी देवाचं, कलम माणसाचं, दोन्ही त्यात आली. कोल्हापुरात त्याला फळ कसं येतं असं मला विचाराल तर मी गिऱ्हाइकाला खरं सांगते: हौस म्हणून लावा, भरवशावर पेरू लावा.

जॉनीचा एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढं जायला नको. बियांबरोबर तो डॉग फेनेल नावाची एक वनस्पतीही लावत जायचा. शेवंतीच्या कुळातली, उग्र वासाची. हिवतापाला ती औषधी, असा त्याचा समज. ताप काही गेला नाही, पण ते तण ओहायोभर असं माजलं की शेतकरी वैतागले आणि त्याच्याच नावानं ओळखायला लागले. इतक्या चांगल्या मनाच्या माणसानं, चांगल्या हेतूनं, लोकांच्या वावरात गाजरगवतासारखी पीडा लावून दिली.

ह्याच्यावर मी हसणार होते, पण हसता येईना. आबांच्या काळात नर्सरीच्या दारात एक सिमेंटची टाकी होती. तिच्यात जांभळ्या फुलांची, फुगीर देठांची एक तरंगती वनस्पती. लोक थांबून बघायचे, बायका म्हणायच्या, "काय गं बाई सुंदर." आम्ही ती विकायचो. मी स्वतः, नववी-दहावीत असताना, पिशवीत पाणी घालून कित्येकांना दिलीय. ती जलपर्णी. आज पंचगंगेवर तिचा हिरवा गालिचा पसरलेला दिसला की माणसं सांडपाण्याला शिव्या देतात, आणि त्या रास्तच आहेत. पण मी पुलावरनं खाली बघत नाही. माझ्या पिशवीतली कुठली कुठं गेली, कोण सांगणार?

अमेरिका आणि ब्रिटनमधल्या १८१२च्या युद्धातली जॉनीची धाव मात्र मला खरी वाटते, थोडी वाढवलेली असली तरी. मॅन्सफील्ड गावावर हल्ला होणार अशी हूल उठली, कुमक मागवायची होती, हा रातोरात माउंट व्हर्ननपर्यंत गेला, वाटेतल्या घरांना उठवत. चाळीस किलोमीटर तरी असेल. म्हणजे कोल्हापुरातनं निघून निपाणी. पन्नास वर्षं चालणाऱ्याला एक रात्र काय जड.

१८४५च्या मार्चमध्ये इंडियानातल्या फोर्ट वेनजवळ, म्हणजे भाच्याच्याच गावाजवळ, तो गेला. न्यूमोनियासारखं काहीतरी झालं होतं. आणि मग उघड झालं की गोणपाट नेसणाऱ्या ह्या माणसाच्या नावावर सुमारे १२०० एकर जमीन होती. आपल्याकडं हे ऐकलं की लोक म्हणणार, बघा, ढोंगी होता. मला तसं वाटत नाही. जमीन होती म्हणून नर्सरी होती, नर्सरी होती म्हणून रोपं फुकटाच्या भावात देता आली. तो गेल्यावर बरीच जमीन कर आणि देणी भागवण्यात गेली हे ऐकून मात्र वाईट वाटलं. कागदपत्रांच्या बाबतीत आबाही असेच होते.

भाच्याला म्हटलं, एवढा त्या गावात राहतोस, जाऊन तरी ये. त्याच्या नावाचं उद्यान आहे तिथं, छोट्या टेकाडावर समाधी आहे. खरी जागा हीच की दुसरी, ह्यावर तिथं वाद आहेत, ते असतातच. भाचा गेला, व्हिडिओ कॉल लावला. दगडावर नाव, १७७४ आणि १८४५. भोवतीनं लोखंडी कुंपण.

"आत्ती, दिसतंय का?"

"कुंपण दाखीव," मी म्हटलं.

"समाधी दाखवाय लागलोय आन् तुला कुंपण?"

परवा एका संस्थेचा फोन आला होता. जुलैत वृक्षारोपण आहे, तीनशे रोपं पाहिजेत, स्वस्तातली. मी विचारलं, जागेला कुंपण आहे का, पाणी कोण घालणार? पलीकडनं म्हणाले, "मॅडम, तुम्ही फक्त रेट सांगा." सांगितला. परत फोन नाही. गेल्या वर्षी ह्यांनीच नेलेल्या रोपांच्या रिकाम्या पिशव्या त्याच माळावर अजून पडल्यात, बऱ्याच जागी तर पिशवी न काढताच रोप खड्ड्यात बसवलेलं.

आमच्या नर्सरीच्या मागच्या बांधावर एक रायवळ आहे. कलम बांधताना आबा दरवर्षी एखादी कोय तशीच सोडायचे, बिनकलमाची. का, तर म्हणायचे, "बघू की काय निघतंय." बहुतेक काहीच निघालं नाही. ह्या एकाला त्यांनी बोरीच्या काट्यांचं कुंपण केलं होतं, दोन वर्षं रोज संध्याकाळी कळशीभर पाणी घातलं, आणि फळ धरायच्या आधी ते गेले. आता त्याला आंबे लागतात. आंबट ढोण. खाणाऱ्याचा एक डोळा मिटतो. पण लोणच्याला असा आंबा अख्ख्या कळंब्यात नाही. ह्या वर्षी सात किलोचं घातलं.

भाचा मे महिन्यात येतोय. त्याच्यासाठी बरणी बाजूला काढून ठेवलीय. येताना दुसरी टोपी आण म्हणून सांगितलंय, माझी विटली. आणि एक जास्तीची आण म्हटलं, मावशींनाही पाहिजे.